वरच्या हवेचा पंखा

सेनोबिया लारूताने एकदा मनात घेतलं की ती कुणाच्या बापाचं ऐकत नाही. डोंगरपठारावरच्या एल आल्तोहून खाली सपाटीवरच्या सांताक्रूझला जायला बसने अठरा तास लागतात, आणि त्या अठरा तासांत तिने लेके-लेके, म्हणजे ते दोन हात लांबीचं छोटं विमान, एकदाही मांडीवरून खाली ठेवलं नाही. विमानाचं धड मांडीवर, आणि दोन्ही पंख पाठीवरच्या रंगीत झोळीत, तान्हं बाळ बांधतात तसे आवळून बांधलेले. कंडक्टर तिकिटं तपासत आला आणि झोळीकडे बघून म्हणाला, "गुणाचं आहे हो बाळ तुमचं. एवढा वेळ झाला, हूं नाही की चूं नाही!"

"बॅटरी काढून ठेवलीये त्याची," ही म्हणाली.

कंडक्टर पुढे गेला, पण वळून वळून बघतच गेला.

घागऱ्याच्या आतल्या खिशात तिने परतीची तिकिटं ठेवली होती. सोमवार दुपारची बस. तिकिटं दोन. एक तिचं आणि दुसरं उस्तादांचं. उस्तादांना याचा पत्ता नव्हता. त्यांच्या मुलीला, नोएमीला, तर नव्हताच नव्हता.

उस्ताद म्हणजे इलारिओन तिकोना. वय एकाहत्तर, धंदा चरांगो बनवण्याचा. चरांगो म्हणजे ते आमचं काखेत मावणारं तंतुवाद्य. त्यांनी कोरलेला चरांगो हातात घेतला की माणसाला आपणही वाजवू शकतो असं वाटायला लागतं, आणि तीच खरी पंचाईत. पण एल आल्तोत त्यांचं नाव झालं ते चरांगोमुळे नाही, विमानांमुळे. दूरनियंत्रकाच्या दोन दांड्यांवर उडणारी, हातभर-दोन हात लांबीची विमानं. आमच्या चार हजार मीटरवर हवा अशी पातळ की पेट्रोलचं इंजिन दमेकऱ्यासारखं खोकतं. खालच्या गावांतले हौशी लोक आपली फटफटणारी विमानं घेऊन यायचे, मिशीला पीळ देऊन उडवायचे, आणि दोन मिनिटांत मातीतून तुकडे वेचायचे. उस्ताद लांब उभे राहून बघायचे. मग एक दिवस म्हणाले, "विजेच्या मोटरीला नाक कुठंय? तिला श्वास लागतच नाही. हवा पातळ आहे ना, मग घास मोठा घ्यायचा. पंखा मोठा लावा, झालं."

झालं म्हणजे काय, सोपं थोडंच होतं? बाजारातले मोठे प्लास्टिकचे पंखे थरथरायचे, किंचाळायचे. उस्तादांच्या कानाला ते सोसेना. त्यांनी चरांगोच्या मानेसाठी ठेवलेली सीडरची जुनी फळी काढली आणि महिनाभर बसून तेरा इंची पंखा कोरला. मधल्या भोकात सुई घालून धरला तर जिथं सोडाल तिथं थांबायचा, ना इकडे झुकायचा ना तिकडे. आणि फिरला की आवाज कसा, तर मांजर उन्हात झोपावं तसा. पठारावरच्या काळ्या-पांढऱ्या टिटवीला आम्ही लेके-लेके म्हणतो. तिचेच रंग देऊन त्यांनी विमान रंगवलं, नावही तेच ठेवलं. ते पहिल्यांदा उडालं त्या दिवशी कुरणात चरणाऱ्या केसाळ लामांनी मानही वर केली नाही. पेट्रोलवाल्यांना बघून त्याच लामा अर्धा कोस पळायच्या.

सेनोबियाची बाजारात मोबाइल दुरुस्तीची टपरी. एक दिवस उस्ताद तुटलेली तार जोडून घ्यायला आले. तिने जोडली, आणि "हे कसलं?" म्हणून विचारलं. त्या रविवारी माळावर बघायला गेली ती तिथलीच झाली. त्याला आता अकरा वर्षं झाली.

दोन वर्षांपूर्वी उस्तादांना हवा पुरेनाशी झाली. जन्म त्याच हवेत गेला, पण शरीराने म्हातारपणी हिशेब उलटा केला. रक्त काकवीसारखं दाट झालं, छाती सुजली, ओठ निळे. डॉक्टर म्हणाले, खाली जा, नाहीतर वरच जाल. मग नोएमी त्यांना सांताक्रूझला घेऊन गेली. जाताना ते म्हणाले, "ऑगस्टमध्ये येतो." ऑगस्टमध्ये धरणीमाय, आमची पाचामामा, भुकेली असते. तोंड उघडून बसते, तिला घास द्यावा लागतो. माळावरचा तो घास दरवर्षी उस्तादच द्यायचे.

दोन ऑगस्ट आले नि गेले. दर महिन्याला फोन मात्र यायचा.

"पंख्याला जवसाचं तेल लावलंस?"

"लावलं, उस्ताद."

"दोन्ही बाजूंनी?"

"नाही, एकाच बाजूने. दुसरी चाटून पुसली."

"टवळे! ऑगस्टमध्ये येतो, मग बघतो तुझ्याकडे."

माळावर उस्तादांचं तीन पायांचं स्टूल होतं. त्यावर कुणी बसत नव्हतं. नवीन कुणी आलं आणि "इथं शिकवतं कोण?" म्हणालं, की सेनोबिया सांगायची, "उस्ताद शिकवतात. ऑगस्टमध्ये येतायत." आणि मग स्वतःच उकिडवी बसून त्याला सगळं शिकवायची. नऊ जण तयार केले तिने असे, पण स्टुलाला हात लावला नाही.

यंदा ऑगस्टला दहा दिवस उरले आणि तिचा धीर सुटला. तिने हिशेब केला: म्हातारा लेके-लेके बघेल, पंखा हातात घेईल, आणि आपणहून म्हणेल, चल घरी. डॉक्टरांचं काय एवढं! खालचे डॉक्टर वरच्या हवेबद्दल चांगलं बोलणार आहेत होय?

नोएमीच्या दारात पोचली तेव्हा आमच्या रीतीने एकावर एक घातलेले चार घागरे घामाने पायाला चिकटले होते. आणि समोर उस्ताद. अर्ध्या चड्डीत!

"उस्ताद! पाय दिसतायत तुमचे!"

"एकाहत्तर वर्षं लपवून ठेवले होते, पोरी. बघून घे, दोन्ही आहेत." आणि ते हसले. मोठ्यांदा, पोट हलवून. सेनोबियाला काहीतरी खटकलं, पण काय ते तिला तेव्हा कळलं नाही.

उस्तादांनी विमान हातात घेतलं, पंखांच्या कडांवरून बोट फिरवलं, पंख्याची छोटी पेटी मात्र उघडली नाही. नुसती छातीशी धरली. "उद्या सकाळी," म्हणाले. "उद्या जावई मैदानावर नेईल."

स्वयंपाकघरात नोएमीने गरम कुन्यापे, चीजचे ते गोल पाव, ताटलीत काढले आणि दार पुढे लोटलं.

"खरं सांग ताई. तू त्यांना न्यायला आलीयस."

"विमान दाखवायला आलेय."

"शेवटच्या महिन्यात वर कसे होते ते तू पाहिलंयस. संडासापर्यंत जायला भिंत धरायचे. दहा पावलं, की थांबा."

"माणूस आपल्या घरी बरा होतो," सेनोबिया म्हणाली.

"हे घर नाही का मग?" नोएमी म्हणाली. "आई गेली तेव्हा मी इथं होते, पोचले नाही. आता बापालाही घालवू?"

सेनोबियाने मान खाली घालून पाव तोंडात कोंबला. तिकिटं मांडीला टोचत होती. वाटलं, सांगून टाकावं. पण नाही सांगितलं. हट्टी ती हट्टीच.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, जावई ओर्मान्दोने सगळ्यांना गाडीत घातलं. ओर्मान्दो जन्माचा सांताक्रूझचा, पोट पुढे, आवाज त्याच्याही पुढे, आणि विमान पेट्रोलचं. इथली हवा जाड, त्यामुळे पेट्रोलची विमानं इथं मजेत उडतात. सेनोबियाने विमानाचे पंख जोडायला काढले तसा तो लागलाच, "आला का केस वाळवायचा पंखा! अहो वरचे लोक, थंडीत आंघोळ नाही, पण केस मात्र वाळवता!"

"जावईबापू, तुमचं ते विमान आहे की गवत कापायचं यंत्र? आवाजाने माझ्या दाढा हलल्या."

"ताकद आहे, ताकद!"

"दिसतेय. सगळी पोटात उतरलीये."

उस्ताद खुदकन हसले. मग त्यांनी खिशातून छोटी बाटली काढून दारूचे तीन थेंब धरणीमायसाठी जमिनीवर सोडले. विमानावर एक शिंतोडाही नाही. ही त्यांची सक्त ताकीद. एकदा आमच्यातल्या एकाने श्रद्धेच्या भरात अख्खी बिअर विमानावर ओतली होती. शेपटीच्या मोटरीला ती चढली, विमान डावीकडेच वळत राहिलं, आणि डावीकडे चर्च होतं.

सेनोबियाने पेटी उघडली, तेरा इंची पंखा बसवला, नट आवळला. शेपूट गुडघ्यांत धरली. घरी करतो तसंच करायचं, आधी जमिनीवर पूर्ण जोर लावून बघायचं. तिने दांडी सरळ वर ढकलली.

लेके-लेके गुरगुरली. नेहमीसारखी नाही. घशात काहीतरी अडकल्यासारखी. सेनोबियाला वाटलं, प्रवासाचा शीण असेल.

"बंद!" उस्ताद ओरडले. "बंद कर, बंद कर!"

तिने दांडी खाली खेचली. तोवर उस्तादांनी झाकण उघडून बॅटरी उपटली होती. आत मोटरीला वीज मोजून देणारी छोटी पट्टी असते. सेनोबियाने तिला बोट लावलं आणि चटका बसून हात झटकला. जळक्या प्लास्टिकचा वास येत होता. अजून चार सेकंद, आणि सगळं धुरात गेलं असतं.

तिने कपाळावर हात मारून घेतला. नऊ जणांना शिकवलं, आणि स्वतःच विसरली! हा पंखा पातळ हवेचा. वर त्याने मोठा घास घेतला तरी तोंडात हवा येते ती चिमूटभर. इथं तोच घास, पण हवा दीडपट भरीव. मोटरीला ती गिळवेना. अशी चूक खालचा माणूस करूच शकत नाही. ती आम्हीच करावी, वरून उतरून आलेल्यांनी.

आणि मग तिच्या डोक्यात दुसरी गोष्ट शिरली. आवाज बदलल्याबरोबर उस्ताद ओरडले, ते ठीक. असा कान दुसऱ्या कुणाला नाही. पण हात? त्यांचा हात आवाजाच्या आधीच झाकणावर होता.

"तुम्हाला माहीत होतं."

"तू फोनवर आणतेय म्हणालीस तेव्हापासून."

"मग बोलला का नाहीत?"

उस्ताद पंख्याकडे बघत राहिले. "म्हटलं, एकदा लावून तर बघू. एखाद्या वेळी हवाच चुकेल."

ओर्मान्दोलाही बिचाऱ्याला वाईट वाटलं. तो म्हणाला, "त्यात काय, सासरेबुवा! बारा इंची मागवतो. आठवड्यात येईल."

"हो, मागवा!" सेनोबिया घाईघाईने म्हणाली. "आणि हा राहू दे. हा घरी नेऊ." तिने घागऱ्याच्या खिशात हात घातला. "आपण दोघं नेऊ, उस्ताद. उद्या दुपारची बस आहे. तुमचं तिकीट काढलंय मी. आठ दिवसांनी ऑगस्ट. तुम्ही म्हणाला होतात ना?"

नोएमी गाडीपाशी उभी होती, तिचा चेहरा पांढरा पडला. उस्तादांनी तिकीट हातात घेतलं, चष्मा कपाळावर सरकवून नीट वाचलं. आपलं नाव वाचलं, सीट नंबर वाचला. मग घडी घालून परत तिच्या हातात दिलं.

"ओर्मान्दो, गाडीत बारीक दात्यांची करवत आहे का? आणि पॉलिश पेपर?"

उस्तादांनी पंखा काढून गाडीच्या बॉनेटवर ठेवला आणि पेन्सिलने दोन्ही टोकांना रेघ मारली. अंगठ्याच्या नखाएवढंच अंतर. तेवढंच कापायचं होतं.

तिने पंखा दोन्ही हातांनी धरला. "कापू नका! हा आखूड झाला तर वर नुसता गरगरेल. विमान जमीन सोडणार नाही!"

"ठाऊक आहे मला. मीच कोरलाय."

"मग आठवडाभर थांबा ना! बारा इंची येतोय!"

"थांबलो तर हा पेटीतच राहील," उस्ताद म्हणाले. "आणि तू तेल लावत बसशील. सेनोबिया, दोन वर्षं मी तुला ऑगस्ट सांगतोय. नोएमीशी खोटं बोललो नाही, डॉक्टरशी नाही. तुझ्याशीच बोललो, कारण तूच खरं मानत होतीस. तू खरं मानलंस की मलाही दोन दिवस खरं वाटायचं."

"लबाड!" सेनोबिया ओरडली. डोळे भरून आले आणि त्याचाच तिला जास्त राग आला. "लबाड म्हातारा! मी त्या स्टुलाला कुणाला शिवू दिलं नाही!"

"तेच चुकलं. सोड हात."

तिने हात सोडले.

त्यांनी करवत धरली आणि सेनोबिया रडता रडताही बघत राहिली, कारण न बघणं शक्यच नव्हतं. किती वर्षांनी ते हात कामाला लागलेले ती पाहत होती. करवत ढकलली नाही, नुसती टेकवून पुढेमागे नेली. लाकडाला आपण कापलं जातोय हे कळूही नये इतकी हलकी. एक टोक पडलं. दुसरं पडलं. मग अंगठ्याभोवती पॉलिश पेपर गुंडाळून त्यांनी नव्या कडा जुन्या उतारात अशा मिळवल्या की कापलंय कुठे ते बोटाला लागेना. नोएमीच्या केसांतली पिन मागून घेतली, भोकात घातली, पंखा तोलला. डावी बाजू झुकली. त्यांनी उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं, डाव्या पात्यावर तीन वेळा पेपर फिरवला, फुंकर मारली. पुन्हा तोलला. पंखा थांबला, जिथं सोडला तिथं.

ओर्मान्दोने आपलं फटफटणारं इंजिन केव्हाच बंद केलं होतं. "बाप रे," तो हळूच म्हणाला. "आमचे लोक यासाठी यंत्र विकत घेतात."

लेके-लेके पुन्हा गुरगुरली आणि या वेळी मांजर उन्हात झोपलं. सेनोबियाने दूरनियंत्रक उस्तादांच्या हातात दिला. विमान गवतावरून पंधरा पावलं धावलं आणि उचललं गेलं. वर आम्हाला पन्नास लागतात. जाड हवेने तिला हातावर घेतल्यासारखं झेललं. उस्तादांनी तिला डोक्यावरून संथ फिरवलं, कुशीवर वळवलं, उलटं उडवलं, आणि कुठेही घाई नाही, कुठेही झटका नाही. दोन वर्षं दांडीला हात न लावलेला माणूस! सेनोबियाला वाटलं, असं आपल्याला कधी येणार नाही. आणि वाटलं, याच माणसाने आपल्याला शिकवलं, बस झालं की.

लेके-लेके मैदानाच्या पार टोकाला उतरली. सेनोबिया आणायला निघाली तर उस्ताद तिच्या आधी सुटले. चक्क पळत! अर्ध्या चड्डीतले ते काटकुळे पाय उंच गवतातून शंभरेक पावलं पळाले, विमान उचललं आणि तसेच बोलत बोलत परत आले, "पाहिलंस? उतरताना कशी तरंगली पाहिलंस? इथं हवा धरून ठेवते गं! मागची कड जरा वर केली तर अजून..."

सेनोबिया ऐकत होती, पण शब्द नाही, श्वास ऐकत होती. म्हातारा कुठेही थांबत नव्हता. ओठ लाल होते. काल दारात खटकलं ते हेच होतं, ते हसले होते आणि हसल्यावर खोकले नव्हते.

तिने नोएमीकडे बघितलं. "हे घर आहे," ती म्हणाली. नोएमीने तिला मिठी मारली ती घागऱ्यासकट उचलायचीच बाकी राहिली.

दुसऱ्या दिवशी सेनोबिया लेके-लेके तिथेच ठेवून निघाली, तेव्हा उस्तादांनी पंख्याच्या रिकाम्या पेटीत ती दोन कापलेली टोकं ठेवली. वर पंख्याचा पुठ्ठ्याचा नमुना, आणि वर आपला कोरायचा चाकू.

"तेरा इंची आता तू कोर."

"मला नाही जमायचं."

"केसाएवढ्या तारा जोडतेस, आणि फळी जमत नाही म्हणतेस? पहिले तीन मोडतील. चौथ्याचा आवाज फोनवर ऐकव."

सोमवारी बसमध्ये तोच कंडक्टर भेटला. "शेजारचा प्रवासी कुठंय?"

"येत नाहीये."

"मग सीट देऊ कुणाला?"

"नाही," म्हणून सेनोबियाने पेटी त्या सीटवर ठेवली. अठरा तास ती तिथेच राहिली.

ऑगस्टचा पहिला रविवार. माळावर नऊच्या नऊ जण जमले होते. सेनोबियाने स्टुलापाशी वीतभर खड्डा खणला. ती दोन्ही टोकं दोन वर्षांच्या तेलाने अजून चकाकत होती. ती तिने खड्ड्यात ठेवली, वर दारूचे तीन थेंब सोडले आणि माती लोटली. गेल्या महिन्यातच आलेल्या एका बाईने हळूच विचारलं, "उस्ताद याच महिन्यात येणार ना?"

"नाही," सेनोबिया म्हणाली. "ते येणार नाहीत. त्यांचं तिथं बरं चाललंय."

आणि ती स्टुलावर बसली. बसली ती एका बाजूला कलंडलीच. स्टुलाचा एक पाय बोटभर आखूड होता. तुळईच्या सरळपणात चूक काढणारा तो माणूस वर्षानुवर्षं त्यावर तोल सांभाळत बसला होता आणि कुणाला कधी बोलला नव्हता. सेनोबिया हसता हसता रडली, घागऱ्याने नाक पुसलं, आणि आखूड पायाखाली एक दगड सारला.

"हं," ती त्या नव्या बाईला म्हणाली. "तो तुझा पंखा आण इकडे, बघू."